शरीराच्या आतलं ‘बाहेर’ : आतड्याच्या अस्तराविषयी



आजचा प्रश्न वरवर पाहता बालिश आहे: आपलं शरीर नेमकं कुठं संपतं? कोणीही म्हणेल, कातडीपाशी. तर असं धरू या की आपण उल्हासनगरात सकाळी दाल-पकवान खाल्लं. पकवानाचा तुकडा गिळला, पोटात गेला. तो आता शरीराच्या ‘आत’ आला का? आमचं उत्तर आहे, अजून नाही. तोंडापासून गुदद्वारापर्यंत एक पोकळ नळी आहे आणि ती दोन्ही टोकांना उघडी आहे. मेदूवड्याचं भोक वड्यात असतं खरं, पण ते वड्याचा भाग नसतं. तसंच हे. त्या पोकळीतलं अन्न अजून बाहेरच आहे. आत कोणाला घ्यायचं, ते ठरवते नळीची भिंत. म्हणून आज भिंतीकडे पाहू, आणि तेही सूक्ष्मदर्शकातून.

अन्ननलिकेपासून पुढं भिंतीची मांडणी साधारण सारखी आहे. चार थर. सगळ्यात आत अस्तर, त्याखाली रक्तवाहिन्यांचा मऊ थर, मग स्नायू आणि शेवटी बाहेरचं पातळ वेष्टन. स्नायू दोन दिशांचे: आतले नळीला वेढे घालणारे, बाहेरचे लांबीला धरून जाणारे. दोहोंच्या मध्ये चेतापेशींची जाळी असते, ती मेंदूच्या हुकमाची वाट न पाहता अन्न पुढं ढकलते. फरक पडतो तो मुख्यतः अस्तरात. अन्ननलिकेत चपट्या पेशींचे थरावर थर, कारण तिथून खरखरीत घास जातो. जठरात आम्ल तयार करणाऱ्या ग्रंथी आणि त्या आम्लापासून जठरालाच वाचवणारा चिकट श्लेष्मा. लहान आतड्यात मात्र पेशींचा एकच थर. म्हणजे ‘बाहेर’ आणि ‘आत’ यांच्यामध्ये एका पेशीची जाडी!

आता अंबरनाथच्या शिवमंदिराची भिंत आठवा. इ. स. १०६० चं ते शिलाहारकालीन मंदिर. त्याची भिंत सरळ नाही. ती पुढं येते, मागं जाते, पुन्हा पुढं येते, त्यामुळे तेवढ्याच जागेत कोरीव कामाला कितीतरी जास्त पृष्ठभाग मिळतो. लहान आतड्याने हीच युक्ती तीनदा वापरली आहे. आधी अस्तराला मोठ्या वळ्या. त्या वळ्यांवर जेमतेम मिलीमीटरभर उंचीचे, बोटांसारखे उंचवटे, डॉक्टर त्यांना व्हिलाय म्हणतात. आणि त्यांवरच्या प्रत्येक शोषक पेशीच्या माथ्यावर आणखी हजारो सूक्ष्म केस, मायक्रोव्हिलाय. पूर्वी पुस्तकांतून सांगत, हे सगळं पसरलं तर टेनिसचं मैदान भरेल. २०१४ साली स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी नव्यानं मोजलं, तेव्हा सगळ्या पचनमार्गाचं मिळून सुमारे ३२ चौरस मीटर भरलं. छोट्या फ्लॅटएवढं. तेही काही कमी नाही!

पण दगडाची भिंत साडेनऊशे वर्षं टिकते. ही भिंत तीन ते पाच दिवसांत बदलते. उंचवट्यांच्या मुळाशी खळगे असतात, तिथल्या मूलपेशींपासून नव्या पेशी जन्मतात, वर सरकतात आणि शेंड्यावरून गळून पडतात. द्रव्य बदलतं, आकार टिकतो. मग ‘तेच आतडं’ म्हणताना आपण कशाला ‘तेच’ म्हणतो? तत्त्वज्ञानातला हा जुना वाद आपण रोज पोटात घेऊन हिंडतो.

यात जिवाचा प्रश्न कुठं येतो? जुलाबात येतो. पटकीचं विष पेशींना क्षार आणि पाणी बाहेर ओतायला लावतं, पण अस्तर शाबूत असतं. आणि शोषक पेशीच्या माथ्यावर एक दार असतं, ते ग्लुकोज आणि मिठातलं सोडियम एकत्र आले की उघडतं. दोघं आत गेले की पाणी त्यांच्यामागे जातं. हे दार जुलाबातही चालू राहतं. ओआरएसचं सगळं रहस्य हेच. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच मिश्रणानं असंख्य जीव वाचवले. तेव्हा त्यातली साखर ‘ताकदीसाठी’ नसते, ती दाराची किल्ली असते. म्हणूनच प्रमाण महत्त्वाचं. पुडी पाकिटावर लिहिलेल्या पाण्यातच कालवायची. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. साखर जास्त झाली की ती उलट पाणी आतड्यात ओढून घेते, म्हणून कोल्ड्रिंक पाजणं घातक. आणि ‘पोटाला आराम’ म्हणून बाळाचं दूध, पाणी तोडू नये. नव्या पेशी घडायला अन्न लागतंच. बाळ मलूल झालं, डोळे खोल गेले, लघवी कमी झाली किंवा शौचात रक्त दिसलं, तर मात्र थेट दवाखाना गाठायचा.

दुसरी गोष्ट हळूहळू घडते. दूषित पाणी सतत पोटात जात राहिलं, तर जुलाब नसतानाही उंचवटे आखूड, बोथट होतात. पृष्ठभाग घटतो. मूल जेवतं, पण अंगी लागत नाही. १९६० च्या दशकात पूर्व पाकिस्तानात राहिलेल्या अमेरिकन स्वयंसेवकांतही हा बदल दिसला होता, आणि मायदेशी परतल्यावर तो हळूहळू ओसरला. दोष वंशाचा नव्हता, परिसराचा होता.

आपल्या तिन्ही गावांना हे समजायला लांब जायला नको. त्याच मंदिराला लागून वालधुनी वाहते. तिचं पाणी कोणी पिणार नाही, पण ती पुढं उल्हास नदीच्या खाडीलाच मिळते. गटाराशेजारून गेलेली, गळकी नळजोडणी मात्र घरोघरी आढळते, आणि दाब कमी झाला की बाहेरची घाण तिच्यात ओढली जाते. गंमत पाहा, तीही एक नळीच, आणि तिथंही प्रश्न आत काय येऊ द्यायचं हाच. फरक एवढाच, की आतड्याची भिंत स्वतःला पाच दिवसांत दुरुस्त करते. जलवाहिनी आपोआप दुरुस्त होत नाही, तिच्यासाठी नागरिकांना मागणी करावी लागते.

पुढच्या व्याख्यानात मोठ्या आतड्याकडे वळू. तिथं व्हिलाय नाहीत, पण अब्जावधी जिवाणू सुखानं नांदतात. ते ‘आपण’ की ‘परके’, हा प्रश्न तोवर मनात घोळवून ठेवा.