दुसऱ्याने बनवलेल्या वेबसाईटमध्ये बदल करायचाय? आधी नक्कल काढा, मग हात लावा

गोंदिया : जिल्ह्यात आता शेतकरी उत्पादक कंपन्या, राईस मिल, शाळा, पतसंस्था आणि नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलाजवळचे होम स्टे यांच्याही स्वतःच्या वेबसाईट दिसतात. यातल्या बऱ्याच साईट ओळखीच्या एखाद्या पोराने नाहीतर शहरातल्या डिझायनरने बनवून दिलेल्या असतात. पोरगा नोकरीसाठी पुण्याला निघून जातो, डिझायनरचा नंबर लागत नाही, साईट मात्र गावातच राहते. मग कधीतरी खोलीचे भाडे बदलायचे असते, नाहीतर स्क्रीनवर ‘अपडेट करा’ अशी सूचना येते. कोणीतरी जुना पासवर्ड शोधून काढतो, बटन दाबतो आणि साईटच्या जागी पांढरे पान येते.

नुकसान फक्त पानाचे होत नाही. पावसाळ्यात बंद असलेली सफारी ऑक्टोबरात सुरू होते, तेव्हा होम स्टेची साईट चार दिवस बंद राहिली तर पाहुणा दुसरीकडे बुकिंग करतो. तांदळाची विचारपूस साईटवरून येत असेल तर व्यापाऱ्याचा निरोपच पोहोचत नाही. म्हणून साईट कोणी का बनवली असेना, तिच्यात बदल करण्याची एक रीत आहे. ती पाळली तर नवशिक्यालाही भिण्याचे कारण नाही.

नवे बियाणे आधी एका बांधीत

नवे बियाणे आले म्हणून कोणी सगळ्या शेतात टाकत नाही. आधी एका बांधीत रोवून पाहतो, जमले तर पुढच्या वर्षी वाढवतो. वेबसाईटचेही तसेच आहे. चालू साईटवर प्रयोग करायचा नाही. तिची हुबेहूब नक्कल काढायची, बदल त्या नक्कलेवर करायचा, नीट तपासायचा आणि मगच खऱ्या साईटवर आणायचा. या नक्कल साईटला कॉम्प्युटरवाले ‘स्टेजिंग साईट’ म्हणतात.

हा नियम मोडला तर मोठ्या कंपन्याही आपटतात. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राईक या अमेरिकन कंपनीने आपल्या सुरक्षा प्रणालीचे एक सदोष अपडेट जगभर एकाच वेळी सोडले. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख कॉम्प्युटर बंद पडले. आपल्या देशात विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. त्यानंतर कंपनीने अशी अपडेट टप्प्याटप्प्याने सोडायचे ठरवले. म्हणजे शेवटी गोष्ट एका बांधीवरच आली.

आधी चाव्या ताब्यात घ्या

बदल करण्याआधी साईटच्या तीन चाव्या कोणाकडे आहेत ते बघा.

पहिली चावी डोमेनची, म्हणजे साईटच्या नावाची. हे नाव ठराविक मुदतीसाठी नोंदवलेले असते आणि मुदत संपण्याआधी पैसे भरून चालू ठेवावे लागते. नोंदणी बनवणाऱ्याच्या ईमेलवर असेल तर मुदतीची सूचना त्यालाच जाते, संस्थेला कळतही नाही. नाव सुटले की दुसरा कोणीही ते घेऊ शकतो.

दुसरी चावी होस्टिंगची. साईटच्या सगळ्या फायली ज्या कॉम्प्युटरवर ठेवलेल्या असतात त्याचे हे खाते. तिसरी चावी साईटच्या ॲडमिनची. तिथून मजकूर आणि फोटो बदलता येतात.

बहुतेकांकडे फक्त तिसरी चावी असते, आणि खरी अडचण तिथेच आहे. साईट बिघडली की ॲडमिनचे पानही अनेकदा उघडत नाही. तेव्हा होस्टिंगच्या मागच्या दारानेच आत जावे लागते. ते दार उघडत नसेल तर मोठ्या बदलाला हात घालू नका.

साईट बनवणाऱ्याशी भांडण नसेल तर सरळ फोन करा. डोमेन कुठे नोंदवले, होस्टिंग कुठे आहे, साईट कशात बनवली, कोणती विकत घेतलेली साधने वापरली आणि त्याने हाताने कुठे काय बदलले, हे पाच प्रश्न विचारा. उत्तरे वहीत लिहून घ्या. खाती संस्थेच्या ईमेलवर करून घ्या, एका माणसाच्या खाजगी ईमेलवर ठेवू नका.

गावाकडच्या बऱ्याच साईट वर्डप्रेसवर बनलेल्या असतात. त्यात आणखी एक जागा तपासायची. २०१९ मध्ये आलेल्या ५.२ आवृत्तीपासून वर्डप्रेसमध्ये अशी सोय आहे की मोठा बिघाड झाला तर दुरुस्तीसाठी आत शिरायची लिंक ॲडमिनच्या ईमेलवर येते. पण तो ईमेल पुण्याला गेलेल्या पोराचाच असेल तर लिंकही त्यालाच जाईल. ‘सेटिंग्ज’मधल्या ‘जनरल’ पानावर हा ईमेल दिसतो. तो बदलला की नव्या ईमेलवर खात्री करणारा निरोप येतो. त्यातली लिंक दाबल्यावरच बदल पक्का होतो.

बॅकअप उघडून पाहिला तरच खरा

साईटचे दोन भाग असतात. एक फायली, म्हणजे फोटो, डिझाईन आणि प्रोग्राम. दुसरा डेटाबेस, म्हणजे लिहिलेला मजकूर, आलेली विचारपूस, सभासदांची नोंद. बॅकअप दोन्हीचा लागतो. नुसते फोटो उतरवून ठेवले आणि डेटाबेस राहिला तर घराच्या भिंती आहेत पण कोठीतले धान गेले अशी गत होते.

बॅकअप त्याच होस्टिंगवर ठेवून उपयोग नाही. खाते बंद झाले तर दोन्ही सोबत जातील. एक प्रत पेन ड्राईव्हवर आणि एक गुगल ड्राईव्हवर ठेवा.

मराठी साईटवाल्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. डेटाबेस एका ठिकाणाहून दुसरीकडे नेताना अक्षरांची पद्धत चुकली तर मराठी मजकुराच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे येतात. इंग्रजी अक्षरे आणि आकडे जसेच्या तसे दिसतात, त्यामुळे वरवर पाहणाऱ्याला सगळे ठीक वाटते. खरी साईट अशी बिघडली आणि जुना बॅकअप नसेल तर तो मजकूर परत येत नाही. म्हणून बॅकअप नक्कल साईटवर चढवून पाहा आणि मराठी पान उघडून वाचा.

बॅकअप आहे असे नुसते समजून चालण्याची किंमत गिटलॅब या कंपनीने मोजली. ३१ जानेवारी २०१७ रोजी एका कर्मचाऱ्याने चुकीच्या सर्व्हरवर डिलीटची आज्ञा दिली आणि सुमारे ३०० जीबी माहिती उडाली. कंपनीकडे बॅकअपच्या वेगवेगळ्या सोयी होत्या, पण ऐन वेळी त्यातली एकही नीट कामी आली नाही. शेवटी कामी आली ती सहा तास आधी तपासणीच्या साईटसाठी काढलेली नक्कल. मधल्या सहा तासांतली बरीच माहिती मात्र गेली ती गेलीच. कर्मचारी खऱ्या सर्व्हरला दुसरा समजला, तिथून हे घडले. आपणही बटन दाबण्याआधी वरचा पत्ता वाचावा, आपण नक्कलेवर आहोत की खऱ्या साईटवर याची खात्री करावी.

नक्कल कशी काढायची

अनेक होस्टिंग कंपन्यांच्या खात्यात ‘स्टेजिंग’ नावाचे बटन असते. ते दाबले की वेगळ्या पत्त्यावर साईटची नक्कल तयार होते. बटन नसेल तर हे काम करणारी प्लगिन मिळतात. कॉम्प्युटर असेल तर एक्झॅम्पसारखा मोफत प्रोग्राम टाकून नक्कल घरच्या घरी चालवता येते. मोबाईलवर मजकूर बदलता येतो, पण फायलींचे काम कॉम्प्युटरवरच बरे. कॉम्प्युटर दुसऱ्याचा किंवा सेवा केंद्रातला असेल तर पासवर्ड त्यात साठवू नका आणि उठताना खात्यातून बाहेर पडा.

नक्कल तयार झाली की तिच्याभोवती कुंपण घाला. तिला पासवर्ड लावा. वर्डप्रेसच्या ‘रीडिंग’ सेटिंगमध्ये सर्च इंजिनला दूर ठेवण्याची खूण आहे, ती नक्कलेवर करा. नाहीतर गुगलवर एकाच होम स्टेच्या दोन साईट दिसतील आणि पाहुणा जुन्या भाड्यावर अडून बसेल. काम झाल्यावर ही खूण खऱ्या साईटवर तर गेली नाही ना, तेही पाहा. ती तिकडे गेली तर साईट चालू असूनही गुगलवरून हळूहळू गायब होते आणि कारण लवकर सापडत नाही.

नक्कलेवरून खरे मेसेज, खरे ईमेल आणि खरे पैसे फिरता कामा नयेत. ऑनलाइन पैसे घेण्याची सोय असेल तर ती चाचणीच्या पद्धतीवर टाका. सभासदांचे आधार क्रमांक, बँक खाते, मोबाईल नंबर नक्कलेत आले असतील तर काढून टाका. लोकांनी ही माहिती विश्वासाने दिलेली असते. २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला आहे.

एका वेळी एकच बदल

दर, फोन नंबर किंवा एखादी ओळ बदलायची असेल तर नक्कलेची गरज नाही. वर्डप्रेस पानाच्या जुन्या आवृत्त्या जपून ठेवते, चूक झाली तर मागे जाता येते. नक्कल लागते ती डिझाईन, प्लगिन, अपडेट आणि पैशाच्या व्यवहाराला हात लावताना.

दहा अपडेट एकदम दाबू नका. एक करा, साईट पाहा, वहीत तारीख आणि बदल लिहा, मग दुसरे करा. म्हणजे बिघाड कशाने झाला ते कळते.

दुसऱ्याच्या साईटमधला खरा धोका थीमच्या अपडेटमध्ये असतो. थीम म्हणजे साईटचे तयार डिझाईन. बनवणाऱ्याने तिच्या फायली उघडून हाताने बदल केले असतील तर अपडेट होताच ते सगळे पुसले जातात. जाणकार लोक हे बदल ‘चाईल्ड थीम’मध्ये वेगळे ठेवतात. ‘अपिअरन्स’मधल्या ‘थीम्स’ पानावर चाईल्ड थीम दिसत नसेल तर खऱ्या साईटवर थीम अपडेट करण्याआधी नक्कलेवर करून पाहाच.

पण भीतीपोटी अपडेट वर्षानुवर्षे टाळत राहणेही महागात पडते. जुन्या प्लगिनमधल्या फटीतूनच चोर शिरतात.

तपासणी चावडीवर करा

ऑनलाइन सातबारा आला तेव्हा त्यात चुका राहू नयेत म्हणून २०१७ मध्ये राज्यात गावोगावी चावडी वाचन झाले. उतारे लोकांसमोर वाचले गेले, कारण नाव किंवा क्षेत्र चुकले तर ते खातेदारालाच आधी कळते. साईटचेही चावडी वाचन करा. नक्कल साईट चार जणांना दाखवा. त्यात एक जण स्वस्तातला मोबाईल वापरणारा असावा, एक जण जिथे नेटवर्क कमी असते त्या गावातला असावा.

त्यांना ‘साईट कशी वाटली’ असे विचारू नका, काम द्या. फोन नंबरवर बोट ठेवल्यावर कॉल लागतो का? फॉर्म भरला तर निरोप पोहोचतो का? भाडे किंवा दर बरोबर आहे का? मराठी अक्षरे नीट जुळलेली दिसतात का? नकाशा योग्य जागी नेतो का? फॉर्म तपासताना निरोप फक्त आपल्याच ईमेलवर येईल असे करून ठेवा. बदल करूनही जुनेच पान दिसत असेल तर मोबाईलने जुनी प्रत साठवलेली असते. ब्राउझरच्या खाजगी खिडकीत उघडून पाहा.

खऱ्या साईटवर आणताना

नक्कल काढल्यापासून बदल तयार होईपर्यंत खरी साईट चालूच असते. तिच्यावर नवी बुकिंग आणि नवे निरोप आलेले असतात. अख्खी नक्कल उचलून खऱ्या साईटवर ठेवली तर ते सगळे पुसले जाते. त्यामुळे छोटा बदल असेल तर वहीत पाहून तो खऱ्या साईटवर हाताने पुन्हा करावा. मोठा असेल तर जेवढ्या फायली बदलल्या तेवढ्याच न्याव्यात.

वेळ सकाळची निवडा, म्हणजे काही अडले तर मदत मागायला दिवस हातात राहतो. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी किंवा ऐन हंगामात हे काम काढू नका. होम स्टेवाल्यांना पावसाळा बरा. सुरू करण्याआधी ताजा बॅकअप घ्या.

तरीही पान पांढरे पडले तर घाबरून आणखी बटने दाबू नका. शेवटचा बदल काय होता ते वहीत पाहा आणि तेवढाच मागे घ्या. प्लगिनमुळे झाले असेल तर होस्टिंगच्या ‘फाईल मॅनेजर’मध्ये त्या प्लगिनच्या फोल्डरचे नाव बदला. ते प्लगिन बंद पडते आणि बहुतेक वेळा साईट उघडते. नाही जमले तर बॅकअप चढवा.

थोडक्यात

१. डोमेन, होस्टिंग आणि ॲडमिन या तिन्ही चाव्या संस्थेच्या ईमेलवर आणा.
२. फायली आणि डेटाबेस दोन्हीचा बॅकअप घ्या, उघडून मराठी वाचून पाहा.
३. बदल आधी नक्कलेवर करा, एका वेळी एकच.
४. चार जणांकडून मोबाईलवर तपासून घ्या.
५. सकाळी खऱ्या साईटवर आणा, मधले निरोप पुसू देऊ नका.
६. प्रत्येक बदल वहीत लिहा. उद्या ही साईट तुमच्यानंतर दुसरा कोणी सांभाळेल, त्याला ती वही लागेल.