गाळणींतील साक्ष

मद्रास येथें १९५५ सालापासून जुळविल्या गेलेल्या जुन्या एन्फील्ड बुलेट मोटारसायकलींच्या यंत्रांत तेल गाळण्यासाठीं नमद्याची गाळणी असे. यंत्रांतील भागांची झीज तेलाबरोबर वाहत येऊन तींत अडकते. म्हणून तेल बदलतांना गाळणी तपासल्यावांचून टाकूं नये.

विस्तवापासून दूर बसून तींतील गाळ रॉकेलनें धुवावा, पांढऱ्या फडक्यावर पसरावा व त्यावरून लोहचुंबक फिरवावा. चिकटणारे कण लोखंडाचे किंवा पोलादाचे. ते सिलिंडर, दांतेरी चाकें वा बेअरिंगें यांचे असतात. न चिकटणारे रुपेरी, हलके कण बहुधा ॲल्युमिनियमचे, म्हणजे दट्ट्याचे किंवा यंत्राच्या कवचाचे होत. पिवळसर कण काशाच्या बुशाची झीज दर्शवितात. बोटांनीं सहज चुरडणारा काळा कण म्हणजे केवळ काजळी.

पिठासारखी थोडी करडी धूळ दिसल्यास भिण्याचें कारण नाहीं. चांगलें यंत्र व्यर्थ उघडूं नये. परंतु नखाला लागणारे चपटे तुकडे आढळतांच गाडी चालविणें थांबवावें. झिजलेला भाग एकाएकीं आवळला गेल्यास धांवत्या गाडीचें चाक अडून स्वाराच्या जिवावर बेततें.