फळांना जपणारी हवा

डाळिंब, आंबा, पपई अशी फळे दूरच्या बाजारी पाठवताना त्यांना फोमची पांढरी जाळी घालतात. फुंकरीने उडेल अशी ही वस्तू फळाला धक्क्यातून कशी वाचवते, याचा विचार आपण कधी केला आहे का?

ज्वारीचे वाळलेले धाट सोलून आतला पांढरा गाभा चिमटीत दाबून पाहा. तो दबतो, कारण त्यात बारीक बारीक घरे असतात. भिंती पातळ आणि पोटात हवा! इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हुक याने १६६५ साली बुचात अशीच घरे पाहिल्याचे लिहून ठेवले. फोमची रचनाही हीच. थर्माकोलच्या १०० भागांत तर सुमारे ९८ भाग हवाच असते.

लोर्ना गिब्सन आणि मायकेल अ‍ॅश्बी या शास्त्रज्ञांनी १९८८ साली अशा पदार्थांवर ग्रंथ लिहिला. दाब आला की घरांच्या भिंती आधी वाकतात, हे त्यातले मुख्य सूत्र. म्हणूनच उघड्या घरांच्या फोमची घनता निम्मी केली, तर त्याचा ताठपणा चौथाईवर येतो.

पण खऱ्या फोममधली घरे एकसारखी नसतात. इथे संगणक मदतीला येतो. क्ष-किरणांनी फोमच्या आतली चित्रे घेतात, त्यांवरून संगणकात तसाच फोम उभा करतात. प्रत्येक भिंतीचे लहान लहान तुकडे कल्पून कोणत्या तुकड्यावर किती जोर येतो, हे संगणक मोजतो.

या हिशेबात तीन टप्पे दिसतात. प्रथम भिंती किंचित वाकतात. मग एकेक थर कोसळू लागतो. याच वेळी फोम धक्का गिळतो. शेवटी भिंतीला भिंत भिडते, फोम दगडासारखा घट्ट होतो आणि पुढचा मार थेट फळावर बसतो.

यातून आपण काय घ्यावे? फार ताठ फोम दबतच नाही, फार मऊ फोम लगेच दबून संपतो; दोन्हींत फळ डागाळते. फळाच्या वजनाला साजेसा फोम निवडावा. एकदा चेपलेला थर्माकोल पुन्हा पेटीत घालू नये, कारण त्यातली घरे आधीच मोडलेली असतात. चपटी झालेली जाळीही बदलावी.

वर्षभर जपलेल्या मालाची किंमत शेवटच्या प्रवासात घटू देऊ नका!