वादळात टॉवर गेला तर बातमी कशावर ऐकणार? रेडिओ घेण्याआधी एवढं बघून घ्या

रावेर : मे महिना सरत आला की तालुक्यातल्या केळीवाल्याचा एक डोळा आभाळाकडे असतो. घड भरलेले असतात आणि अर्ध्या तासाचं वादळ उभी बाग आडवी करून जातं. त्याच अर्ध्या तासात खांब पडतात, तारा तुटतात, लाईट जाते. मोबाईलचा टॉवर काही तास बॅटरीवर तग धरतो, मग तोही बंद पडतो. खिशात पंधरा-वीस हजारांचा फोन असतो, पण त्यावर ना हवामान कळतं ना बातमी. रात्री पुन्हा वादळ आहे का, कुठला रस्ता बंद आहे, हे कळायला मग एकच वस्तू उरते : सेलवरचा रेडिओ.

हे लक्षात आल्यामुळे बरेच जण पुन्हा रेडिओ घेऊ लागले आहेत. घोळ होतो तो तिथेच. बाजारात आज ‘रेडिओ’ म्हणून जो डबा मिळतो तो खरं तर ब्लूटूथ स्पीकर असतो. त्यात पेनड्राईव्ह चालतो, टॉर्च असतो, रंगीत दिवे असतात आणि कोपऱ्यात एफएम असतं. भुसावळ-जळगावकडे तो बरा वाजतो. सातपुड्याच्या पायथ्याला किंवा पालच्या बाजूला नेला की नुसती खरखर. माणूस म्हणतो, रेडिओ खराब निघाला. रेडिओ खराब नसतो, त्यात आपल्या कामाचा बँडच नसतो.

बँड म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ. एफएमच्या लहरी टॉर्चच्या उजेडासारख्या सरळ जातात. मध्ये टेकडी आली की अडल्या. म्हणून गाणी स्वच्छ येतात, पण लांब जात नाहीत. मध्यम लहरी, म्हणजे रेडिओवर एमडब्ल्यू किंवा एएम लिहिलेलं असतं त्या, जमिनीला धरून चालतात. टेकडीला वळसा घालतात, दरीत उतरतात. आकाशवाणी जळगाव मध्यम लहरींवर ९६३ किलोहर्ट्झला आहे. जळगाव ते रावेर सरळ रेषेत पंचावन्न-साठ किलोमीटर. मध्यम लहरींना एवढं अंतर म्हणजे काहीच नाही. प्रादेशिक बातम्या, शेतीचे कार्यक्रम, हवामान, सगळं आपल्या भाषेत. म्हणून रावेर-यावलच्या माणसाने रेडिओ घेताना पहिला प्रश्न ‘एफएम आहे का’ हा विचारायचा नाही. ‘एमडब्ल्यू आहे का’ हा विचारायचा.

तिसऱ्या म्हणजे लघु लहरी. रेडिओवर एसडब्ल्यू. या वर आभाळात जातात, शंभर-तीनशे किलोमीटर उंचीवर हवेचा विजेने भारलेला थर आहे त्यावर आपटून परत खाली येतात. चेंडू टप्पे घेत जावा तसं. त्यामुळे हजारो किलोमीटर लांबचं केंद्र आपल्या खाटेवर ऐकू येतं आणि कधी कधी शेजारच्या जिल्ह्यातलं येत नाही. पोरांना हे पटत नाही, पण तसंच आहे.

आपल्या वाडवडिलांनी तीन बँडचे सेट घेतले ते याच लघु लहरींसाठी. १९५२ साली रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली आणि अमीन सयानींचा आवाज ऐकायला लोक एका सेटभोवती गोळा होऊ लागले. २५ आणि ४१ मीटर हे आकडे तेव्हा शाळा न शिकलेल्यांनाही पाठ होते. आकाशवाणीने १९५७ मध्ये विविध भारती काढली ती बरीचशी सिलोनकडे गेलेला श्रोता परत आणायलाच. बीबीसीची हिंदी सेवा १९४० ची. ३१ ऑक्टोबर १९८४ ला इंदिरा गांधी गेल्याची बातमी बऱ्याच लोकांनी आधी बीबीसीवर ऐकली, आकाशवाणीने ती संध्याकाळी दिली. त्या काळी रेडिओला पोस्टात पैसे भरून लायसन्स काढावं लागे. ऐंशीच्या दशकात ती कटकट गेली. आज रेडिओ ऐकायला कसलाही परवाना लागत नाही.

पण ती लघु लहरींची दुनिया आता तशी राहिलेली नाही, हे दुकानदार सांगत नाही. बीबीसी हिंदीचं लघु लहरींवरचं प्रसारण ३१ जानेवारी २०२० ला बंद झालं. बीबीसी मराठी २०१७ मध्ये सुरू झाली ती थेट इंटरनेटवरच. आकाशवाणीनेही लघु लहरींची बरीच केंद्रं मिटवली, मध्यम लहरींचे जुने ट्रान्समीटरही गेल्या काही वर्षांत कमी होत चालले आहेत. लघु लहरींवर आज संध्याकाळी मोठ्याने येतं ते चीनचं हिंदी प्रसारण. ते त्यांच्या सरकारचं आहे हे ध्यानात ठेवून ऐकावं. बाकी इंग्रजी, अरबी अशा भाषांतली केंद्रं सापडतात. हौस असेल तर मजा आहे, नाहीतर ‘११ बँड’ लिहिलेल्या डब्याचे जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही. त्या अकरातले एक एफएम, एक एमडब्ल्यू आणि उरलेले नऊ म्हणजे लघु लहरींचेच तुकडे असतात.

तरी लघु लहर अगदीच टाकाऊ समजू नका. मार्च २०२२ मध्ये युक्रेनमध्ये लढाई पेटली, टॉवरवर हल्ले झाले, तेव्हा बीबीसीने तिथल्या लोकांसाठी रोज चार तास लघु लहरींवर बातम्या सुरू केल्या. जगात सगळीकडे इंटरनेट आल्यावरची ही गोष्ट आहे.

मोबाईलमधल्या एफएमचं काय, असं कोणी विचारेल. ज्या फोनमध्ये ते आहे त्यात ते इंटरनेटशिवाय चालतं, पण बहुतेक फोनला वायरवाला हेडफोन लावावा लागतो, कारण ती वायरच अँटेना असते. नव्या फोनमध्ये कंपन्या एफएम देतच नाहीत किंवा बंद करून ठेवतात. २०२३ मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने कंपन्यांना सांगितलं की ते चालू ठेवा, आपत्तीत उपयोगी पडतं. आकाशवाणीचं ‘न्यूजऑनएअर’ ॲप चांगलं आहे, त्यावर देशभरातली केंद्रं लागतात. पण त्याला नेट लागतं. म्हणजे वादळाच्या रात्री ते नाही.

दुकानात काय बघायचं

काट्याचा रेडिओ की आकड्यांचा? काट्याचा स्वस्त, हजार-दीड हजारात येतो, म्हाताऱ्या माणसाला सोपा. जुन्या सेटवर एमडब्ल्यूच्या पट्टीवर ५४, ६०, ७० असे आकडे असतात, त्यापुढे एक शून्य धरायचं. जळगाव मग ९० आणि १०० च्या मध्ये, शंभराच्या बाजूला. आकड्यांच्या म्हणजे डिजिटल सेटवर थेट ९६३ दाबलं की काम झालं. पण इथे एक फसगत आहे आणि ती फार जणांची होते. भारतात मध्यम लहरींची केंद्रं ९ किलोहर्ट्झच्या टप्प्यावर आहेत, ९६३ ला ९ ने पूर्ण भाग जातो. अमेरिकेत टप्पा १० चा असतो. सेट १० वर लावलेला असेल तर बटण दाबल्यावर तो ९६० नंतर एकदम ९७० वर उडी मारतो, जळगाव मध्येच राहून जातं. केंद्र शोधायला लावलं तरी सापडत नाही. मग माणूस तो रेडिओ परत करतो. पुस्तिकेत बघून टप्पा ९ चा करून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

चांगल्या डिजिटल सेटमध्ये टेकसन, एक्सएचडाटा ही चिनी नावं चालतात. पाच हजारांच्या पुढे जातात, शेतात नेऊन चिखलात पाडायच्या वस्तू नाहीत त्या. घेतलाच तर बॅटरी कुठली ते बघा. टेकसन पीएल-३८० ला तीन पेन्सिल सेल लागतात. पीएल-३३० ला बीएल-५सी, म्हणजे नोकियाच्या जुन्या बटणाच्या मोबाईलची बॅटरी, ती अजूनही मोबाईलच्या दुकानात मिळते. एक्सएचडाटा डी-८०८ ला जाडसर गोल लिथियम सेल, तो खेड्यात पटकन मिळत नाही. आतच चिकटवलेली, न निघणारी बॅटरी असलेला सेट शक्यतो टाळा. ती फुगली की रेडिओच गेला. आणि चार्जिंगला लाईट लागते, जी वादळानंतर दोन-दोन दिवस नसते. पेन्सिल सेल किराणा दुकानात मिळतात, हा त्यांचा सगळ्यात मोठा गुण. साध्या रेडिओला वीज फार कमी लागते. बऱ्या प्रतीच्या सेलवर मध्यम आवाजात तो चाळीस तास सहज चालतो, स्वस्त सेलवर त्याच्या निम्मा किंवा कमी. दिवे लुकलुकणारा डबा मात्र रातभरही टिकत नाही.

दुकानात लावून बघाच, पण दुकानाबाहेर ओट्यावर नेऊन बघा. आत ट्यूबलाईट, चार्जर, लोखंडी शटर, तिथे चांगला सेटही रडतो. दुपारी ९६३ स्वच्छ आलं तर सेट चालेल.

खरखर कुठून येते

घरी आणल्यावर मध्यम लहरींवर गुणगुण येत असेल तर आधी घरातली यादी तपासा. स्वस्त एलईडी बल्ब आणि मोबाईलचा चार्जर हे मोठे गुन्हेगार. एकेक बंद करून बघा. सोलरचा इन्व्हर्टर दिवसा आवाज करतो, सूर्य मावळला की थांबतो. शेतात दर सेकंदाला ‘टक, टक’ असा आवाज येत असेल तर ते रानडुकरांसाठी लावलेलं झटका मशीन आहे. तारेला गवत किंवा केळीचं पान टेकलं असेल तर टकटक जास्त येते. रेडिओमुळे असा दोष सापडतो हा फायदाच समजा. तारेपासून वीस-पंचवीस पावलं लांब गेलं की फरक पडतो.

आवाज कमी असेल तर लोक दांडी ओढतात. मध्यम लहरींना त्या दांडीचा उपयोग नाही. त्यांची अँटेना आत असते, काळपट कांडीवर तांब्याची बारीक तार गुंडाळलेली. तिला दिशा असते. म्हणून दांडी सोडून अख्खा रेडिओ हळूहळू फिरवा. एका बाजूला जळगाव मोठं होईल, काटकोनात नेलं की पडेल. रात्री लांबची केंद्रं येऊ लागतात तेव्हा हे जास्त कामाला येतं. दिवसा आभाळातला एक थर मध्यम लहरी शोषून घेतो, सूर्य मावळल्यावर तो विरतो आणि परराज्यातली केंद्रंही ऐकू येतात. कधी जळगाववर दुसरं केंद्र चढतं. सेट थोडा फिरवला की वेगळं होतं. थ्री फेज रात्रीची असली की बारे द्यायला गेलेल्याला हा खेळ चांगलाच जमतो.

दांडी लागते ती एफएमला आणि लघु लहरींना. लघु लहरींसाठी आणखी एक सोपा उपाय : सहा-सात मीटर साधी वायर, एक टोक चिमट्याने दांडीला, दुसरं निंबाच्या फांदीला. संध्याकाळनंतर ४९, ४१ आणि ३१ मीटर बघा, दुपारी १९ आणि २५. सेटवर मीटरऐवजी मेगाहर्ट्झ असेल तर ३०० ला त्या आकड्याने भागा, मीटर निघतात. वायर विजेच्या तारेच्या खालून किंवा वरून कधीच न्यायची नाही. आभाळ भरून आलं की ती काढून बाजूला ठेवायची, विजेला आमंत्रण कशाला.

विजेवरून एक उपयोगाची गोष्ट. मध्यम लहरींवर वीज चमकली की ‘कडकड’ असा तुटक आवाज येतो, आणि तो गडगडाट ऐकू येण्याच्या कितीतरी आधी येतो. गडगडाट फार तर पंधरा-वीस किलोमीटरवरून ऐकू येतो, रेडिओला त्याहून लांबची वीज कळते. शेतात निंदणी, घड कापणी चालू असताना बांधावरचा रेडिओ असा तुटक कडकडायला लागला आणि ते वाढत गेलं तर कुठेतरी ढग जमतायत असं समजा. वीज कुठल्या बाजूला आणि किती लांब आहे, हे मात्र रेडिओ सांगत नाही. त्यासाठी पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आहे, नेट असेल तेव्हा तेही बघा. आणि एकदा गडगडाट कानाने ऐकला की रेडिओ-ॲप काही बघत बसू नका, झाडाखाली थांबू नका, मजुरांना घेऊन पक्क्या घरात या.

माळ्यावर आजोबांचा जुना सेट पडला असेल तर भंगारात घालण्याआधी एकदा उघडून बघा. बहुतेक वेळा सेल आत राहून गळलेले असतात आणि पितळी पट्ट्यांवर हिरवी-पांढरी बुरशी चढलेली असते. जुनी ब्रश आणि थोडा लिंबाचा रस लावून पट्ट्या घासा, पुसून नीट वाळवा, नवे सेल घाला. बँडचं बटण फिरवताना खरखरलं तर पंधरा-वीस वेळा मागेपुढे फिरवा, आतली घाण निघते. त्यातल्या बऱ्याच सेटवर जळगाव आजही स्पष्ट लागतं. नवा घेतला तरी तीच काळजी : पावसाळा संपून रेडिओ कपाटात जाणार असेल तर सेल बाहेर काढून, वेगळ्या पिशवीत, रेडिओशेजारीच ठेवा.