गाभडणाऱ्या गाईचे कोडे सोडविणारा पशुवैद्य : डॉ. बर्नहार्ड बांग

सात-आठ महिन्यांची गाभण गाय एकाएकी गाभडते, तेव्हा वासरू जाते, वेताचे दूध जाते आणि पुष्कळदा वार अडकून गाय पुन्हा गाभण राहण्यासही उशीर होतो. एकाच गोठ्यात पाठोपाठ दोन-तीन जनावरे गाभडली, की कोणी नजर लागली म्हणतो, कोणी चाऱ्याला दोष देतो. या नुकसानीमागे एक सूक्ष्म जंतू असू शकतो, हे डेन्मार्कमधील एका पशुवैद्यकाने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी दाखवून दिले. त्यांचे नाव डॉ. बर्नहार्ड बांग.

दवाखाना आणि वर्ग

बांग यांचा जन्म १८४८ साली झाला. त्यांनी आधी माणसांचे वैद्यक आणि नंतर पशुवैद्यक असे दोन्ही शिक्षण पूर्ण केले. १८८० पासून ते कोपनहेगन येथील पशुवैद्यकीय व कृषी महाविद्यालयात शिकवू लागले. त्या काळी डेन्मार्कचा शेतकरी धान्याकडून दूध-लोण्याच्या धंद्याकडे वळत होता. गोठे भरले, तसे रोगही वाढले. त्यामुळे एका जनावराला औषध देऊन भागत नाही, सर्व कळपाचा विचार करावा लागतो, ही दृष्टी बांग यांच्या कामात आली.

क्षयरोगावर इलाज नव्हता. १८९२ मध्ये त्यांनी एका मोठ्या कळपाची ट्युबरक्युलिन चाचणी घेतली. रोगी व निरोगी जनावरांचे दोन वेगळे गोठे केले. रोगी गाईचे वासरू जन्मताच बाजूला काढून त्यास तापविलेले दूध पाजले. अशा रीतीने रोगी गाईंपासूनही निरोगी कळप उभा राहू शकतो, हे त्यांनी सिद्ध केले. डेअरीतून शेतकऱ्यांकडे परत जाणारे साय काढलेले दूध तापवूनच द्यावे, असा कायदा डेन्मार्कमध्ये १८९८ साली झाला.

जंतू कसा सापडला?

गाभडण्याचा रोग एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात जातो, हा शेतकऱ्यांचा अनुभव होता. गाभडण्याची लक्षणे दाखविणारी एक गाय बांग यांनी मिळविली व ती मारून गर्भाशय तपासले. गर्भाशयाची भिंत आणि वार यांच्यामध्ये पिवळसर स्राव साचला होता. त्यात बारीक जंतू खच्चून भरले होते. सहकारी स्ट्रिबोल्ट यांच्या मदतीने त्यांनी ते जंतू प्रयोगशाळेत वाढविले, नंतर निरोगी गाभण गाईंना टोचले. त्या गाई गाभडल्या आणि त्यांच्यातही तेच जंतू मिळाले. १८९७ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. हा रोग पुढे 'बांगचा रोग' म्हणून ओळखला गेला; आज आपण त्यास ब्रुसेल्लोसिस किंवा सांसर्गिक गर्भपात म्हणतो. या जंतूचे माणसांतील माल्टा तापाच्या जंतूशी जवळचे नाते आहे, हे अमेरिकेतील शास्त्रज्ञ अ‍ॅलिस इव्हान्स यांनी १९१८ मध्ये दाखविले. बांग यांचे निधन १९३२ साली झाले.

आपण काय करावे?

या रोगावर जनावरांसाठी खात्रीचा उपचार आजही नाही. म्हणून बांग यांचाच मार्ग धरावा लागतो : रोगी ओळखा, वेगळे करा, निरोगी जपा.

१. गाभडलेले जनावर स्राव पूर्ण थांबेपर्यंत वेगळे बांधावे. पशुवैद्यकाकडून रक्ताची तपासणी करून घ्यावी. गाभडण्याची इतरही कारणे असतात. तपासणीशिवाय निदान होत नाही.

२. पडलेला गर्भ, वार व स्राव यांत जंतू अमाप असतात. त्यांना उघड्या हाताने स्पर्श करू नये. अडकलेली वार स्वतः ओढू नये. सर्व घाण खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावी, उकिरड्यावर फेकू नये; कुत्री ती ओढून गावभर रोग नेतात. जागा जंतुनाशकाने धुवावी.

३. रोगी गाय बहुधा एकदाच गाभडते. पुढचे वेत सुरळीत झाले म्हणजे ती बरी झाली, असे समजू नये. तिच्या दुधातून व स्रावातून जंतू पडतच राहतात. अशी गाय बाजारात विकणे म्हणजे दुसऱ्याच्या गोठ्यात रोग पोचविणे होय. आपणही नवे जनावर तपासणी करूनच घ्यावे.

४. चार ते आठ महिने वयाच्या कालवडी व पारड्यांना एस-१९ लस आयुष्यात एकदाच टोचून घ्यावी. नरांना व गाभण जनावरांना ही लस देऊ नये. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमात या लसीकरणाचा समावेश करण्यात आला. लस जिवंत जंतूंची असल्याने ती पशुवैद्यकाकडूनच टोचून घ्यावी.

५. दूध उकळूनच प्यावे. गोठ्यात काम करणाऱ्यास वारंवार ताप, रात्री घाम व सांधेदुखी असल्यास डॉक्टरांना दाखवावे आणि आपल्याकडे जनावर गाभडले होते, हे आवर्जून सांगावे.

बांग यांनी हा जंतू शोधला तेव्हा हाती लस नव्हती. आज लस आहे, तपासणी आहे. गाभडलेल्या गाईची गोष्ट लपवून न ठेवता दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात कळविणे, एवढे मात्र पशुपालकानेच करावयाचे आहे.