दादाची मेटॅलिकाची पेटी

गेल्या मे महिन्यात पावसाच्या आधी आम्ही घराचा माळा रिकामा करायला काढला. पितळेची भांडी, कंदील, गणपतीच्या मखराचे सामान असे सगळे खाली आल्यावर मागच्या कोपऱ्यातून एक पेटी निघाली. दिसायला पत्र्याच्या ट्रंकेसारखी, पण हातात घेतल्यावर कळले की पुठ्ठ्याची आहे. वहिनींनी विचारले, "भावजी, ही रद्दीत देऊ का?"

ती पेटी दादाची. तो बोटीवर नोकरीला होता आणि १९९४ साली अमेरिकेतल्या एका बंदरावरून त्याने ती आणली होती. दादाला जाऊन आता तीन वर्षे झाली. मी वहिनींना म्हटले, जरा थांबा, आधी आत काय आहे ते सांगतो. पुढे मंडळाच्या बैठकीत सहज "मेटॅलिकाची पेटी सापडली" असे बोलून गेलो, तेव्हा एका काकांनी विचारले, "कुठल्या बनावटीची? सूर जाग्यावर आहेत का?" त्यांना हार्मोनियम वाटली! तेव्हाच ठरवले की या पेटीविषयी संकेतस्थळावर सविस्तर लिहावे.

पेटीत काय आहे

मेटॅलिका हा अमेरिकेतला हेवी मेटल बँड १९८१ साली लॉस एंजेलिसमध्ये सुरू झाला. हेवी मेटल म्हणजे मुद्दाम खरखरीत केलेला इलेक्ट्रिक गिटारचा आवाज, छातीत घुमणारे ड्रम आणि बहुतेक वेळा धावती लय. त्या काळात बँडमध्ये चौघे होते : गाणारा आणि गिटार वाजवणारा जेम्स हेटफील्ड, ड्रमवर लार्स उलरिक, गिटारवर कर्क हॅमेट आणि बास गिटारवर जेसन न्यूस्टेड. ऑगस्ट १९९१ मध्ये त्यांचा काळ्या मुखपृष्ठाचा अल्बम आला आणि जगभर तुफान खपला. त्यानंतर बँड जवळजवळ दोन वर्षे दौऱ्यावरच होता. त्या दौऱ्याची आठवण म्हणून नोव्हेंबर १९९३ मध्ये ही पेटी बाजारात आली. प्रत्यक्ष कार्यक्रमांच्या ध्वनिमुद्रणाचा हा त्यांचा पहिलाच अल्बम.

पेटीचे नाव 'लाइव्ह शिट : बिंज अँड पर्ज'. मधला शब्द शिवराळ आहे. पुढच्या दोन शब्दांचा अर्थ पोट फुटेपर्यंत खाणे आणि मग ओकून टाकणे. दौऱ्यातल्या अतिरेकाची बँडने स्वतःच केलेली ही थट्टा. वाद्ये आणि दिवे ट्रकमधून गावोगावी नेताना ज्या भक्कम खोक्यांत भरतात, त्यांची नक्कल म्हणजे ही पुठ्ठ्याची पेटी. आत तीन सीडी, तीन व्हीएचएस व्हिडिओ कॅसेट, फोटोंनी भरलेले एक पुस्तक, बँडचे कवटीचे चिन्ह रंगवता येईल असा साचा आणि रंगमंचाजवळ जाण्याच्या पासची हुबेहूब प्रत. ऐकायचे आणि पाहायचे मिळून सुमारे आठ तासांचा ऐवज होतो. किंमत अर्थातच साध्या अल्बमच्या कितीतरी पट होती. दादाने आईला ती कधीच सांगितली नाही.

तबकडी वेगळी, मैफल वेगळी

एवढ्या पसाऱ्याची गरज काय, असा प्रश्न पडेल. कुमार गंधर्वांचे जन्मगाव सुळेभावी आपल्या बेळगावच्या शेजारी आहे. तबकडी आणि मैफल यांतला फरक आपल्याला नव्याने सांगायला नको. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे, मैफलीत तोच राग तासभर चाले. रॉकमध्येही तसेच आहे. स्टुडिओत गाणे तुकड्यातुकड्याने मुद्रित होते, चुकले तर पुन्हा वाजवता येते. रंगमंचावर ती सोय नाही.

याच पेटीतले 'सीक अँड डिस्ट्रॉय' हे गाणे पाहा. त्यांच्या १९८३ च्या पहिल्या अल्बमवर ते सात मिनिटांचे आहे, इथे अठरा मिनिटे चालते. हेटफील्ड एक ओळ म्हणतो, श्रोते ती परत म्हणतात. मग तो समोरच्या प्रेक्षकांपुढे माइक धरून त्यांच्याकडून ती गाऊन घेतो. कुणी बेसूर, कुणी नुसते किंचाळते. संपादकाने हे सगळे कापून सात मिनिटांवर आणले असते तरी चालले असते, पण पेटी काढण्याचे कारणच मग उरले नसते. गाण्यांचा क्रम, मधले बोलणे, गिटार आणि बासचे एकल वादन यांसह पूर्ण संध्याकाळ मिळावी हाच तिचा हेतू आहे. एका सीडीवर त्या काळी ७४ मिनिटे मावत. तीन तासांच्या कार्यक्रमाला म्हणूनच तीन सीडी लागल्या.

मेक्सिकोतल्या पाच रात्री

तिन्ही सीडींवरचे कार्यक्रम मेक्सिको सिटीतले आहेत. फेब्रुवारीच्या शेवटी आणि मार्च १९९३ च्या सुरुवातीला बँडने तिथे पाच रात्री वाजवले. जागा होती पालासिओ दे लोस देपोर्तेस, म्हणजे क्रीडामहाल. १९६८ च्या ऑलिंपिकसाठी वास्तुरचनाकार फेलिक्स कांदेला यांनी उभारलेले हे तांब्याच्या घुमटाचे सभागृह. त्या घुमटाखाली आवाज इतका घुमतो की तिथले लोक गमतीने त्याला 'प्रतिध्वनींचा महाल' म्हणतात.

अशा ठिकाणी मुद्रण स्वच्छ कसे झाले? मोठ्या कार्यक्रमात प्रत्येक वाद्याच्या माइकचा आवाज दोन वाटांनी जातो. एक वाट सभागृहातल्या कर्ण्यांकडे आणि दुसरी मुद्रणयंत्राकडे. गिटार, बास, गायकाचा आवाज आणि ड्रमचे वेगवेगळे भाग रुंद फितीवर निरनिराळ्या पट्ट्यांत नोंदले जातात. माइक वाद्याच्या अगदी जवळ असल्याने त्यात घुमटाचा घुमार कमी येतो. श्रोत्यांचा आवाज टिपायला वेगळे माइक लावतात. नंतर स्टुडिओत बसून कोणती पट्टी किती मोठी ठेवायची ते ठरवले जाते. पाच रात्री हाताशी असल्या की निवडीलाही वाव मिळतो.

या सीडींवर सगळ्यात जास्त लक्षात राहतात ते श्रोते. त्यालाही इतिहास आहे. १९७१ साली मेक्सिकोत आवांदारो येथे मोठा रॉक महोत्सव झाला. तरुणांचा तो जमाव पाहून सरकार बिथरले आणि पुढची बरीच वर्षे रॉकच्या मोठ्या कार्यक्रमांवर बंधने आली. परदेशी बँडसाठी दारे पुन्हा उघडली ती १९९० च्या आसपास. मेटॅलिका तिथे पहिल्यांदाच आली होती. इतकी वर्षे नुसत्या कॅसेटवर ऐकलेले बँड समोर उभे राहिल्यावर माणसे कशी गातात, ते इथे ऐकू येते.

दादाने मला हे फार नंतर समजावले. ३० ऑक्टोबर २०११ ला मेटॅलिका बंगळुरूच्या पॅलेस ग्राउंड्सवर आली, तेव्हा तो राणी चन्नम्मा एक्सप्रेसने गेला. परत आला तो घसा पूर्ण बसलेला. दोन दिवस खुणांनी बोलत होता. आवाज आल्यावर पहिले वाक्य होते, "मेक्सिकोवाले का ओरडत होते ते आता कळलं."

पेटीत महाराष्ट्राशी जुळणारा एक धागाही आहे. तिसरी सीडी 'स्टोन कोल्ड क्रेझी' या गाण्याने संपते. ते मूळचे क्वीन या ब्रिटिश बँडचे, १९७४ सालचे. क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला आणि तिथेच मित्रांबरोबर त्याने पहिला बँड काढला. त्याच्या निधनानंतर एप्रिल १९९२ मध्ये लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर श्रद्धांजलीचा कार्यक्रम झाला, त्यात हेटफील्डने हे गाणे क्वीनच्या वादकांसोबत गायले होते.

न पाहिलेल्या कॅसेट

तिन्ही व्हिडिओ कॅसेट दादाला कधीच पाहता आल्या नाहीत. अमेरिकेत तेव्हा एनटीएससी पद्धत होती : पडद्यावर ५२५ रेषा, सेकंदाला सुमारे ३० चित्रे. आपल्याकडे पाल पद्धत : ६२५ रेषा आणि २५ चित्रे. आपल्या व्हीसीआरमध्ये ती कॅसेट घातली की चित्र वरखाली धावू लागे, रंग नाहीसा होई. २००२ साली याच पेटीची डीव्हीडी आवृत्ती निघाली. दादाने ती घेतली नाही. "पेटी आहे ना घरात," म्हणायचा.

यंदा एका स्टुडिओत दोन्ही पद्धतींचा व्हीसीआर मिळाला. सिएटलची कॅसेट सुखरूप निघाली. तो कार्यक्रम ऑगस्ट १९८९ मधला, काळ्या अल्बमच्या आधीचा. त्यात गाणी लांब, गुंतागुंतीची आणि अतिशय वेगवान आहेत. मागे न्यायदेवतेचा भलामोठा पुतळा उभा असतो आणि त्या दौऱ्याच्या नावाला साजेशा गाण्याअखेर तो कोसळतो. वहिनी पाहत होत्या. म्हणाल्या, "रोज उभा करायचा आणि रोज पाडायचा? आपल्या मखरासारखंच की!"

सॅन दिएगोचा जानेवारी १९९२ चा कार्यक्रम दोन कॅसेटवर आहे. अडीचच वर्षांत किती फरक! इथे रंगमंच सभागृहाच्या मधोमध, चौकटच्या एक्क्यासारखा. त्याच्या पोटातच एक जागा मोकळी ठेवलेली. तिला 'स्नेक पिट' म्हणजे सापांचा खड्डा म्हणत. मोजके चाहते तिथे उभे राहत आणि वादक त्यांच्या भोवती फिरत. पेटीतला तो पास याच खड्ड्याचा. पहिली कॅसेट चालली. दुसरीवर पांढरी बुरशी चढली होती, म्हणून स्टुडिओवाल्याने ती यंत्रात घातलीच नाही. आमचा सॅन दिएगो अर्ध्यावर थांबला आहे.

आपल्या माळ्यावरच्या कॅसेट

भाचा म्हणाला, "मामा, हे सगळं डीव्हीडीवर मिळतं, एवढा खटाटोप कशाला?" त्याचे म्हणणे खरे आहे. या पेटीच्या असंख्य प्रती जगभर आहेत. आमची बुरसटली तरी तो कार्यक्रम नाहीसा होणार नाही.

पण त्याच माळ्यावर, त्याच पेटीला टेकून, लेबल नसलेली आणखी एक कॅसेट होती. ती लावली तर १९९१ सालचा गणेशोत्सव निघाला. नाट्यसंगीताचा कार्यक्रम, आणि साथीला पेटीवर आमचे बाबा. एकच कॅमेरा, एकच माइक, मध्येच कुणाचे तरी डोके आडवे येते. त्या संध्याकाळची दुसरी प्रत कुठेही नाही. आम्ही कामाचा क्रम बदलला आणि आधी ती उतरवून घेतली.

तुमच्याकडे अशा कॅसेट असतील तर काही गोष्टी सांभाळा. त्या पुस्तकासारख्या उभ्या ठेवा, कोरड्या जागी ठेवा. आपल्याकडच्या चार महिन्यांच्या पावसात माळा आणि बाहेरच्या भिंतीला लागलेले कपाट या सगळ्यात वाईट जागा. झाकण उचलून फीत पाहा. पांढरे ठिपके किंवा पावडर दिसली तर ती कॅसेट व्हीसीआरमध्ये अजिबात घालू नका. फीत तुटते आणि बुरशी यंत्रातून पुढच्या कॅसेटला लागते. ती वेगळ्या पिशवीत ठेवून जाणकाराकडून साफ करून घ्या. आणि वेळ लावू नका. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीने २०१६ मध्ये उत्पादन बंद केले. आता आहेत तेवढ्याच यंत्रांवर भागवायचे आहे. बाजारात मिळणारे सिनेमे आणि गाणी मागे ठेवा. लग्न, मुंज, मंडळाची नाटके, घरातल्या माणसांचे आवाज आधी उतरवा.

दादाची पेटी रद्दीत गेली नाही. ती आता दिवाणखान्यातल्या कपाटात आहे. मंडळातल्या ज्या काकांनी सूर विचारले होते ते परवा येऊन गेले. अठरा मिनिटांचे ते गाणे त्यांनी पूर्ण ऐकले, टाळ्या देत. जाताना बाबांच्या कॅसेटची प्रत मागून घेतली, कारण त्या कार्यक्रमात तबल्यावर तेच होते.