किट कारचा आवाज कमी करायचाय? मग सायलेन्सर टांगायचा कसा, ते आधी बघा

ज्यांना हा भाग ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी हे त्याचं लेखी रूप. बोलतानाचे ‘म्हणजे’ आणि ‘तर’ थोडे गाळलेत, बाकी तसंच ठेवलंय.

आपल्याकडे सायलेन्सरचा विषय निघाला की बुलेट आठवते आणि जप्त केलेल्या सायलेन्सरवरून फिरणारा पोलिसांचा रोडरोलर. आज मात्र उलटी गोष्ट आहे. ब्रिटनमध्ये हौशी लोक पदरचे पैसे घालून गाडीचा आवाज कमी करतात.

ही गाडी म्हणजे किट कार. सुटे भाग पेट्यांमधून घरी येतात आणि गॅरेजमध्ये आपणच जोडायचे. यातली सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे कॉलिन चॅपमनची 1957 सालची लोटस सेव्हन. 1973 पासून ती केटरहॅम बनवते. त्या काळी तिकडे तयार गाडीवर खरेदी कर होता, सुट्या भागांवर नव्हता, म्हणून किटचा धंदा फोफावला. जोडणीची माहितीपत्रिका दिली तर सवलत जाईल, म्हणून चॅपमनने ‘गाडी सुटी कशी करावी’ याची पत्रिका दिली आणि लोकांनी ती उलटी वाचली, असा किस्सा सांगतात. खरा असो-नसो, मला आवडतो.

आता आवाज. घरी जोडलेली गाडी रस्त्यावर आणायची तर आयव्हीए नावाची तपासणी होते, तिथे मर्यादा 99 डेसिबल. रेस ट्रॅकवर हौसेने गाडी पळवायच्या दिवसांना प्रत्येक ट्रॅकची मर्यादा वेगळी, आणि काही ठिकाणी फारच कडक. कारण ट्रॅकच्या शेजारी गावं आहेत, लोक तक्रारी करतात आणि तक्रारी वाढल्या की ट्रॅकच बंद पडायची भीती. म्हणून सकाळी आधी मीटर लावतात. पाइपच्या तोंडापासून अर्धा मीटर लांब, 45 अंशाच्या कोनात, आणि इंजिन बहुतेक ठिकाणी कमाल आरपीएमच्या पाऊणपट फिरवायचं. मर्यादा 98 आणि तुमची गाडी 101? पैसे भरलेले असोत, दोनशे किलोमीटरवरून आलेले असा, ट्रॅकवर सोडत नाहीत.

तीनच तर डेसिबल, असं वाटेल. पण डेसिबलची मोजपट्टी साधी नाही. 3 डेसिबल कमी करायचे म्हणजे आवाजाची ऊर्जा निम्मी करायची. गंमत म्हणजे कानाला एवढा फरक जेमतेम कळतो. आवाज निम्मा झाल्यासारखा वाटायला साधारण 10 डेसिबल उतरावे लागतात. त्यामुळे ‘मला तर शांत वाटतेय’ याला मीटरपुढे काही किंमत नाही.

या गाड्यांचा सायलेन्सर बहुतेक वेळा साधा असतो. मधोमध भोकं पाडलेली सरळ नळी, भोवती काचतंतूंचं किंवा तशाच धाग्यांचं भरण आणि वर डबा. बारीक, तिखट आवाज हे भरण छान गिळतं. जाड, घुमणारा आवाज गिळायला मात्र जागा लागते. चार सिलिंडरचं इंजिन 6000 आरपीएमला सेकंदाला 200 स्फोट करतं, आणि ती खालची घरघर छोट्या डब्याला आवरत नाही. म्हणून शांत सायलेन्सर म्हणजे लांब, जाड, आणि अर्थातच जड. शेवटी बसवायची छोटी बुचं मिळतात, स्वस्तही असतात. पण ती वायूची वाट अडवतात. नळीचा व्यास तोच ठेवून डबा मोठा केला तर ताकद फारशी जात नाही, म्हणून माझं मत डब्यालाच.

आणि इथेच खरी अडचण सुरू होते. सेव्हनसारख्या गाडीत पाइप बॉनेटच्या बाजूने बाहेर येतात आणि सायलेन्सर गाडीच्या कडेने मागे जातो. पुढचं टोक इंजिनला, मागचं चॅसीला. इंजिन रबराच्या माउंटवर बसलेलं, प्रत्येक ॲक्सिलरेटरला ते डुलतं. चॅसी डुलत नाही. शिवाय स्टील तापून वाढतं: दीड मीटरचा स्टेनलेस पाइप 400 अंशांनी तापला की सुमारे 10 मिलिमीटर लांब होतो. दोन्ही टोकं घट्ट आवळलीत तर हे 10 मिलिमीटर जाणार कुठे? ते वेल्डिंगमध्ये जातात, आणि मॅनिफोल्डजवळ चीर पडते. चिरलेला पाइप जुन्या सायलेन्सरपेक्षा जास्त बोंबलतो. वर, त्या चिरेतून बाहेरची हवा आत आली तर पुढचा ऑक्सिजन सेन्सर फसतो आणि इंजिनला नको तेवढं पेट्रोल पाजतो.

म्हणून पुढचा सांधा एकात एक सरकणारा ठेवायचा आणि स्प्रिंगने धरायचा, म्हणजे तो हलेल पण सुटणार नाही. वजन मागच्या ब्रॅकेटने पेलायचं, मॅनिफोल्डच्या स्टडनी नाही. ब्रॅकेट आणि डबा यांच्यात रबरी बॉबिन येतो. बॉबिन म्हणजे रबराचा ठोकळा आणि दोन टोकांना दोन बोल्ट. हे बोल्ट आत एकमेकांना जोडलेले नसतात! रबर फाटलं की डबा रस्त्यावर. त्यामुळे वजन रबराला सरळ ओढेल असा बॉबिन लावू नका. रबर दाबलं जाईल किंवा आडवं सरकेल अशी जागा शोधा, गरम पाइपपासून लांब ठेवा आणि सोबत एक धातूचा सैल पट्टा द्या. रबर गेलं तर तो पट्टा डबा धरेल.

बसवताना सगळे क्लॅम्प आधी सैल ठेवा. डबा कुठेही न ताणता, आपणहून जागेवर बसला पाहिजे. बोल्टचं भोक जुळत नाही म्हणून पहारीने ओढून बसवलंत, तर तो ताण कायमचा आत राहतो. ब्रॅकेट वेल्ड करायचा असेल तर गाडीवर फक्त टाके मारा, मग उतरवून पूर्ण वेल्ड करा. बॅटरीची वायर आधी काढा. स्टेनलेसचे नट-बोल्ट एकमेकांत अडकून बसतात, आट्यांना कॉपर ग्रीस लावा. आणि डब्यावर उष्णतेची जाळी हवीच. कडेने उतरताना पोटरीला बसलेला चटका या गाड्यांच्या मालकांची ओळखखूणच झालीय.

पहिल्या चकरेनंतर पाइप थंड झाला की सगळे क्लॅम्प पुन्हा आवळा. सांध्याभोवती काळी काजळी दिसली तर तिथून वायू गळतोय. पुढे काही महिन्यांनी आवाज हळूहळू फाटका, पत्र्यासारखा झाला तर आतलं भरण जळून उडालंय. डबा रिव्हेटचा असेल तर टोपण काढून नवं भरण घालता येतं. म्हणून विकत घेतानाच विचारा, उघडतो का म्हणून.